उसळीतला गूळ

वहिनी,

तू गेलीस त्या दिवशीसुद्धा मी तुझ्या वतीने माफी मागितली.

दुकानाच्या शटरवर कागद चिकटवायचा होता. ते काम माझ्याकडे आलं, कारण काही लिहायचं म्हटलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात. मी लिहिलं, 'दुःखद घटनेमुळे पोळी-भाजी केंद्र काही दिवस बंद राहील.' एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हात थांबला नाही. खाली लिहून गेलो, 'ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.' दादा शेजारी उभा होता. त्याने कागद वाचला, माझ्या खिशाचं पेन काढून घेतलं आणि खालची ओळ खोडली. मग पेन परत माझ्या खिशाला लावलं आणि जिना चढून वर घरी गेला.

तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास. "मेले त्याचीही माफी मागितलीत का भाऊजी? आधी कळवून मरायला हवं होतं मी."

हे 'अहो भाऊजी' प्रकरण मला कधीच पेललं नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत होतो. पहिल्या दिवसापासून मी तुला 'अगं वहिनी' म्हणालो आणि तू मला, हाफ चड्डीतल्या पोराला, 'अहो भाऊजी'. मी पन्नाशीला आलो तरी ते तसंच राहिलं. आदराने मारलेला टोमणा जास्त लागतो, हे मला फार लहानपणी कळलं ते तुझ्यामुळे.

आता तुझ्याशी भांडायला कोणी नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. त्यात माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं माझ्याच विरोधात जाणार आहे.

हडपसरची नोकरी गेली तेव्हा मी काचेच्या खोलीत बसलो होतो आणि समोरची मुलगी, माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान असेल, मला सांगत होती की बदल ही संधी असते. त्याच खोलीत मी माझ्या हाताखालच्या लोकांना हेच सांगत आलो होतो. ताण कसा हाताळावा, राग आला की काय करावं, यावर मी तासभर बोलायचो, आणि लोक चांगलं झालं म्हणायचे. घरी आलो आणि पलंगावर जो पडलो तो पडलोच. तुझी धाकटी जाऊ अंजली कामावर जायची, मी भिंत बघत बसायचो. दाढी नाही, आंघोळीचा पत्ता नाही.

कोथरूडातलं आपलं घर वर आणि तुझं दुकान खाली, त्यामुळे खालच्या फोडणीचा वास रोज वर यायचा. पण तू माझ्या खोलीत आली नाहीस. 'होईल सगळं नीट' असं एकदाही म्हणाली नाहीस, आणि खरं सांगतो, तेव्हा मला त्याचा रागच आला होता. मग एक दिवस जिन्यातून हाक मारलीस, "भाऊजी, रिकामे आहात ना? खाली या. कोथिंबीर निवडायला माणूस नाही."

मी खाली आलो. तू माझ्यापुढे जुड्यांचा ढीग टाकलास आणि मंगलला म्हणालीस, "यांना काही विचारायचं नाही गं." मंगलने पोळ्या लाटता लाटता मान डोलावली आणि खरंच काही विचारलं नाही. किती दिवस मी नुसती कोथिंबीर निवडली असेन! मग मेथी, मग वाल सोलणं. एकदा तू माझ्यापुढचा ढीग बघून म्हणालीस, "देठं फार टाकता तुम्ही. कंपनीने काढलं ते यासाठीच असणार." मी हसलो. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा हसलो होतो, वहिनी. तुला ते कळलं होतं, कारण तू लगेच पाठ फिरवलीस आणि उगाच कढईत झारा आपटत बसलीस.

तू मला माणसात आणलंस. आणि माणसात आल्याबरोबर मी काय केलं, तर तुझा साहेब झालो.

दुकान ॲपवर घालायची कल्पना माझी. मला वाटलं होतं तू हातपाय आपटशील. त्यासाठी मी घरी तयारीही केली होती, तेच हडपसरचं भाषण, बदल म्हणजे संधी वगैरे. तू दोन वाक्यं ऐकलीस आणि म्हणालीस, "भाषण राहू द्या, बटण कुठलं दाबायचं ते सांगा." आठवड्याभरात तू मराठीत टाइप करायला लागलीस. आणि मग तुला गिऱ्हाइकांच्या तक्रारींखाली उत्तर लिहायची चौकट सापडली.

दुपारची गर्दी ओसरली की तुझा चहा व्हायचा. पायाखाली पाट, एका हातात कप, दुसऱ्या हातात फोन. तू तक्रारी मोठ्याने वाचायचीस आणि मंगल कणकेचे हात पुसत ऐकायला बसायची.

कुणीतरी लिहिलेलं, 'मीटिंगमुळे तीनला जेवलो, पोळ्या गार होत्या.' तू उत्तर दिलंस, 'पोळ्यांना मीटिंगची कल्पना नव्हती. पुढच्या वेळी कळवावे, त्या थांबतील.' दुसऱ्याने लिहिलं, 'भाजीत बटाटा फार.' तू लिहिलंस, 'ती बटाट्याचीच भाजी होती.' एकाने लिहिलं, 'आमटी घरच्यासारखी नाही.' त्याला तू विचारलंस, 'आपल्या घरी स्वयंपाक कोण करतं ते कळवावे, त्यांच्याकडून शिकून घेऊ.' एवढं लिहून तू पदर तोंडाला लावून हसायचीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सकाळपासूनचा सगळा ताप, न आलेला भाजीवाला, संपत आलेला गॅस, गुडघे, डॉक्टरने सांगितलेलं ब्लडप्रेशर, सगळं तेवढ्या वेळात उतरायचं. हे मी आज म्हणतोय. तेव्हा मी समोर बसून रेटिंग बघत होतो.

आणि लिमये. त्यांना मी फक्त नावाने ओळखत होतो. पलीकडच्या गल्लीत एकटे राहायचे, बायको गेल्यापासून तुझा डबा. ॲपच्या आधी रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून तक्रार पाठवायचे. तू ॲपवर गेलीस तर त्या वयात तेही शिकले, ऑर्डर करायला नव्हे, तक्रार करायला. दर गुरुवारी मटकीची उसळ आणि दर गुरुवारी एकच ओळ, 'उसळीत गूळ जास्त.' तू एकदा लिहिलंस, 'आपल्या बोलण्यात कमी असतो, म्हणून भर घातली.' पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तू लिहिलंस, 'गूळ तेवढाच आहे. आपण दिवसेंदिवस कडू होत असाल.' ते वाचून मंगल हसता हसता पिठात बसली होती.

बदल तू स्वीकारलास, वहिनी. नवं यंत्र हातात घेतलंस आणि त्यात तुझा स्वभाव ओतलास. मी फक्त ऑफिस बदललं होतं.

आता माझी बाजू. ती मुलगी आठवते का? नवीनच पुण्यात आलेली, कुणाच्या तरी घरी खोली घेऊन राहणारी. तिने साधंच लिहिलं होतं की भाजी फार तिखट आहे, खाता आली नाही. तू तिला लिहिलंस, 'मग दूध-भात खावा.' मला ते बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्या बाबतीत तू चुकलीस. आणि तुलाही ते कळलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी तू तिच्या पत्त्यावर न मागवता डबा पाठवलास, साधं वरण, तूप, बिनमिरचीची दुधी भोपळ्याची भाजी. चिठ्ठी नाही की शब्द नाही. तुझी माफी अशी असायची. मी मात्र त्या डब्याकडे काणाडोळा केला आणि तुझं ते एक उत्तर तेवढं धरून बसलो. रेटिंग खाली आलं होतं, आणि मला पुन्हा त्या काचेच्या खोलीत बसल्यासारखं व्हायला लागलं होतं. मला भीती वाटत होती, वहिनी. हेही हातातून जाईल याची. ते तुला सांगायच्या ऐवजी मी पासवर्ड बदलला.

तुला म्हणालो, "तू आता उत्तरं द्यायची नाहीत. मी बघतो. तुला तेवढाच आराम." आणि वर तुझ्या ब्लडप्रेशरसाठी दुसरं एक ॲप घालून दिलं, श्वास घ्यायचं. तू म्हणालीस, "भाऊजी, श्वास मला येतो. जन्मापासून घेतेय."

मग मी साचेबंद उत्तरं तयार केली. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' आणि खाली तुझं नाव, शैला. नाव घातलं की ग्राहकाला जवळीक वाटते, असं आम्हाला कंपनीत शिकवलं होतं. गार पोळ्यांना दिलगीर, उशिराला दिलगीर, बटाट्यात बटाटा निघाला तरी दिलगीर. लिमयांच्या गुळालाही तेच चिकटवलं. रेटिंग चढायला लागलं, हे खरं आहे. मी तुला आलेख दाखवला होता. तू चष्मा न लावताच म्हणालीस, "छान."

तुला कळलं ते भाजी घेताना. कुणीतरी ओळखीच्या बाई म्हणाल्या, "शैलाताई, हल्ली फार मऊ झालात हो." तू पिशव्या ओट्यावर ठेवल्यास, दादाचा फोन मागून घेतलास आणि एकेक उत्तर वाचत गेलीस. मी हिशोबाच्या टेबलाशी होतो.

"भाऊजी, माझ्या उसळीत काय चुकलं होतं?"

"काही नाही गं."

"मग मी माफी कशाची मागितली?"

"वहिनी, ती एक पद्धत असते. सगळे तसंच लिहितात. कुणी मनावर घेत नाही."

"खाली नाव माझं आहे. मी मनावर घेतलंय."

"तू ताण घेऊ नकोस एवढा."

"ताण?" तू फोन दादाला परत दिलास. "न चुकता माफी मागत सुटलात. उद्या खरंच काही चुकलं तर काय मागणार आहात?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण त्यात 'प्रोफेशनल' हा शब्द नक्की होता. तू पाठ फिरवून कुकर लावायला घेतलास. दुसऱ्या दिवसापासून तू मला 'भाऊजी' म्हणायचं सोडलंस. "साहेब, गॅसवाला आलाय. साहेब, केळीची पानं संपली." मंगलला वाटलं तू थट्टा करतेस. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं, म्हणून मी हसत होतो.

दुपारचा चहा चालू राहिला, पण तू तो उभ्यानेच प्यायला लागलीस. मग घासलेली भांडी पुन्हा घासायचीस. मंगल म्हणायची, "ताई, बसा की जरा," तर म्हणायचीस, "बसून काय करू?" हे माझ्या कानावर पडत होतं. समोर काही चाललंय हे दिसत होतं. हडपसरला कुणी असं गप्प झालं असतं, तर मी त्याला बाजूला घेऊन बोललो असतो. तुझ्याशी नाही बोललो.

लिमयांचा डबा बंद झाला तो त्याच सुमारास. काही न कळवता. पहिल्या गुरुवारी मंगलने विचारलं, "लिमयांचा भरू?" तू म्हणालीस, "थांब, येईल निरोप." निरोप आला नाही. तू मला विचारलंस, "साहेब, त्यांना शेवटचं काय लिहिलं होतंत?" मी म्हणालो, "नेहमीचंच. दिलगीर आहोत." तू नुसती "बरं" म्हणालीस.

आणि त्यानंतर तू उसळीतला गूळ कमी केलास.

हे मला तेव्हा कळलंच नाही. मंगलने सांगितलं, तुझ्या दहाव्याच्या दिवशी, ओट्यापाशी रडत. म्हणाली, "ताई म्हणाल्या, त्यांना खरंच आवडत नसेल गं. मी उगाच उलट बोलत राहिले." एवढी वर्षं ज्या हाताने न मोजता गूळ टाकला, तो हात तू आवरलास. मी तुझ्या नावाने इतकी माफी मागितली की शेवटी तुलाही वाटलं, चूक तुझीच असणार. बाकी सगळं मी स्वतःला समजावू शकतो, वहिनी. हे एक जमत नाही.

तू सकाळी आंघोळ करून आलीस, दादाला म्हणालीस, जरा पाठ टेकते, आणि संपलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. अंजली म्हणते, ब्लडप्रेशर जुनं होतं, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तिचं बरोबर आहे. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं, तासभर सांगितलं असतं. पण चहा उभ्याने पिणारी तू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीस. तुला मी मारलं असं मी म्हणत नाही. तुझे शेवटचे महिने मी बेचव केले, एवढं म्हणतो, आणि ते मला पुरेसं आहे.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. दादाने सांगितलं, उघडा, तिला बंद आवडणार नाही. मी शटरवरचा कागद काढत होतो तर मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा झब्बा, हातात कापडी पिशवी. कागदाकडे बघत म्हणाले, "ही खालची ओळ कोणी खोडली?"

"माझ्या भावाने."

"बरं केलं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "मी लिमये."

त्यांना आत बसवलं. मंगलने पाणी दिलं. ते बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले आणि मग म्हणाले, "मला वाटलं, त्या माझ्यावर रागावल्या."

"रागावल्या? का?"

"अहो, केवढं गोड उत्तर ते! 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.' आपल्याकडे असं गोड कधी बोलतात? एखाद्याशी संबंध संपवायचा असला की. मी म्हटलं, झालं, आपण बाईंना फार छळलं, आता त्यांनी दार लावून घेतलं. मग कुठल्या तोंडाने डबा मागवायचा? पावावर भागवलं."

तू इथे गूळ कमी करत होतीस आणि ते तिकडे, पलीकडच्याच गल्लीत, पाव खात बसले होते. दोघंही आपलंच चुकलं असं धरून. आणि मधे मी, आलेख बघत.

"गूळ जास्त असायचा का हो?" मी विचारलं.

"छे! अगदी बरोबर असायचा. काहीतरी लिहायला नको का? उत्तर कसं येणार मग?"

त्या क्षणी मी गप्प बसू शकलो असतो. ते म्हातारे, दमलेले, आणि तूही नाहीस. पण दादाने खोडलेली ओळ माझ्या हातातच होती. मी म्हणालो, "ती उत्तरं वहिनीची नव्हती. मी लिहीत होतो. ती रागावली नव्हती. ती वाट बघत होती."

मला वाटलं ते चिडतील. चिडायला हवे होते. त्यांनी चष्मा काढला, झब्ब्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "तरीच," म्हणाले. आणि मग उठताना, "गुरुवारपासून डबा चालू करा."

आज गुरुवार. मंगलने उसळ केली. गुळाचा डबा हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पहिल्यासारखा टाक." तिने डोळे मिटून टाकला. मी चव घेतली आणि मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मी पाट घेतला, तुझ्या जागेवर बसलो. मंगलने चहा दिला. फोन उघडला तर लिमयांची ओळ आलेली होती. 'उसळीत गूळ जास्त.'

सवयीने मी 'आपल्याला झालेल्या' एवढं टाइप केलं आणि खोडलं. मग तुझ्यासारखं काहीतरी लिहून पाहिलं, मंगलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताई असं नसत्या म्हणाल्या." तेही खोडलं. चहा गार झालाय. चौकट अजून रिकामी आहे आणि मंगल कणकेचे हात पुसून समोर येऊन बसली आहे.

तू विचारलं होतंस, खरंच चुकलं तर काय मागणार. इतक्या लोकांना दिलगीर, दिलगीर म्हणत सुटलो आणि तुला एकदाही म्हणालो नाही. तो शब्द आता माझ्याच्याने तुझ्यासाठी वापरवत नाही. माझं चुकलं, वहिनी. फार चुकलं.

आणि आता लिमयांना काय लिहू, ते सांग. तू म्हणशील तसंच लिहितो. खाली नाव तुझंच घालीन, पण या वेळी शब्दही तुझे असू देत.